सातबाऱ्यावर झाडे चढवताना

भुदरगड तालुक्यातील आमच्या गावात बांधावर झाडे लावण्याचा विषय निघाला की जाणती माणसे पहिल्यांदा एकच विचारतात, "लावशील, पण तोडायला कोण देणार?" त्यांच्या मनात झाडांविषयी आकस नाही, स्वतः वाढवलेल्या झाडावर आपला हक्क उरेल की नाही, ही त्यांची धास्ती आहे, आणि ती खरी आहे हे मला तीन वर्षांपूर्वी कळले.

घराच्या दुरुस्तीसाठी वडिलांनी लावलेली सहा सागाची झाडे तोडायची होती. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग असल्यामुळे झाड मालकीच्या जमिनीत असले तरी परवानगी लागते. सातबारा व गटाचा नकाशा जोडून अर्ज केला, तो दोनदा परत आला, कारण सातबाऱ्यावर एकही झाड नव्हते. मग तलाठ्यांकडून पाहणी, पंचनामा व नोंद, त्यानंतर वन विभागाची पाहणी, खोडांवर शिक्का आणि तोडीनंतर वाहतूक परवाना, असे आठ महिने गेले. तो पावसाळा आम्ही छपरावर ताडपत्री टाकून काढला.

तरीही त्याच वर्षी मी सागाची चाळीस रोपे लावली. उत्तरेकडच्या शेजारी काकांचा त्याला विरोध होता: सावलीत ऊस पोसत नाही आणि मुळ्या सरीतले खत ओढतात, हे त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. हिवाळ्यात सावली उत्तरेकडे लांबते, म्हणून सामाईक बांध सोडून मी आमचा दक्षिणेचा बांध निवडला. सावली पडेल ती आमच्याच रानावर पडेल, हे पटल्यावर काकांचा राग निवळला. गावातील काहींनी मात्र बांबूच पसंत केला, कारण २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून तो वगळला गेला आहे.

रोपे रुजताच ई-पीक पाहणीच्या, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः पिकांची नोंद करायच्या सरकारी अ‍ॅपमध्ये बांधावरची झाडे म्हणून त्यांची जात व संख्या भरली आणि नंतर सातबारा काढून ती चढल्याची खात्री केली. गेल्या खरिपात काका स्वतः मोबाइल घेऊन आले. त्यांच्या वडिलांच्या वेळचे तीन फणस आणि दोन आंबे अजून कोणत्याही कागदावर नव्हते. ती नोंद आम्ही त्यांच्या बांधावर उभे राहूनच भरली.