राजगड–तोरणा लोरा जाळं, नोंद ३ : बोर्ड ठरला, अँटेना बदलला

सह्याद्रीत निरोप पाठवायला कुठलं रेडिओ यंत्र घ्यायचं हे वॅटांवर नाही, डोंगरधारेवर ठरतं. राजगड ते तोरणा सरळ रेषेत सातेक किलोमीटर. बालेकिल्ल्यावरून समोरचा गड दिसतो, तेवढ्याला अर्धा वॅटही पुष्कळ. पण राजगडच्या अळू दरवाज्यातून तोरण्याच्या बुधला माचीच्या वाटेला लागलं की मध्ये कातळ येतो, आणि कातळापुढे पाच वॅटही थिटे पडतात.

बाकीचे पर्याय थोडक्यात. उपग्रह फोन आणि मेसेंजर दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात चालत नाहीत, त्या वाटेला जाऊ नये. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, १४४–१४६ मेगाहर्ट्झचा हँडसेट उत्तम, पण परवाना बोलणाऱ्या प्रत्येकाला हवा. ४४६.०–४४६.२ चा विनापरवाना वॉकीटॉकी सोपा, मात्र धार ओलांडायची तर मधल्या माणसाने निरोप पुन्हा बोलावा लागतो. लोरा म्हणजे थोड्या विजेत छोटे निरोप दूरवर नेणारा रेडिओ. त्याचा नोड (जाळ्यातलं एकेक यंत्र) तेच काम आपोआप करतो, म्हणून मेशटास्टिक, हे जाळं चालवणारी प्रणाली.

बोर्डात खरा फरक विजेचा. ईएसपी३२ चिपवरचा हेल्टेक व्ही३ स्वस्त, पण ब्लूटूथ चालू असताना साधारण १०० मिलिअँपिअर खातो. ३००० मिलिअँपिअर-तासांच्या १८६५० सेलवर जेमतेम तीस तास. एनआरएफ५२८४० चिपवरचा रॅक ४६३१ दहा-बारा मिलिअँपिअरमध्ये भागवतो, म्हणजे तोच सेल आठवडाभर पुरतो. धारेवरच्या नोडला रॅकच. सेल जोडण्याआधी मल्टिमीटरने धन-ऋण तपासा. जोडणी तीच दिसली तरी वायरींचा क्रम उलटा असू शकतो आणि बोर्ड तिथेच जळतो. अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नका.

सोबत येणारा आखूड अँटेना बदलायचाच. आपल्या ८६६ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ८.६५ सेंटिमीटर भरते: मध्ये एक उभी तार, खाली ४५ अंशांत झुकलेल्या चार. तारा नऊवर कापून थोड्या थोड्या कमी करत आणा. विकत घेताना ४३३ मेगाहर्ट्झचा गळ्यात पडत नाही ना, ते बघा.

सेटिंगमध्ये प्रदेश ‘आयएन’, म्हणजे भारत. तो निवडेपर्यंत नोड काहीच पाठवत नाही. मूळचा ‘लाँगफास्ट’ हा प्रसारणाचा तयार पर्याय २५० किलोहर्ट्झ रुंद आहे, आणि आपल्याकडच्या विनापरवाना ८६५–८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मर्यादा २०० ची. म्हणून १२५ वाला ‘लाँग मॉडरेट’. तो सगळ्यांच्या नोडवर सारखा हवा, नाहीतर कोणी कोणाला ऐकत नाही. उड्या, म्हणजे निरोप किती वेळा पुढे पाठवायचा, ३ पुरेत. ‘राउटर’ भूमिका फक्त माथ्यावरच्या नोडला द्या. राउटर इतरांच्या आधी बोलतो आणि त्याचं ऐकून बाकीचे गप्प बसतात. तो गुंजवण्यात खाली ठेवला तर निरोप तिथेच जिरतो.

देवनागरीचं गणित वेगळं. एका निरोपात साधारण २०० बाइट मावतात, आणि आपलं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. म्हणजे पासष्ट चिन्हं. ‘बुधल्यावर पोचलो, सगळे ठीक’ आरामात बसतं. लांबलचक मजकूर नाही. गटाच्या निरोपावर बरोबरची खूण आली तर ती कुठल्यातरी नोडने ऐकल्याची असते, माणसाने वाचल्याची नव्हे. महत्त्वाच्या निरोपाला लेखी उत्तर मागायचंच.

आणि या जाळ्याच्या पलीकडे बचावपथक बसलेलं नाही. धारेवरच्या नोडपाशी मोबाइलला रेंज असलेला माणूस हवा, जो ११२ लावेल.

बाकी आहे पावसाळी पेटी. बंद पेटीत दिवसरात्रीच्या फरकाने आतून दव धरतं, म्हणून छिद्र तळाला ठेवून केबल खालून काढायची, आणि सिलिका जेलची पुडी प्रत्येक फेरीत बदलायची.