आजीला मारलेली थाप

रात्री अडीचला नळाला पाणी आलं. पाचव्या दिवशी. पिंप भरत बसलेय. झोप तशीही येत नव्हती.

दुपारी आजी शेजारी शेंगा फोडत होती. लॅपटॉपवर हंपबॅक देवमाशाचा पर फिरत होता, पुढच्या कडेला गाठीच गाठी असलेला. "तू बघितलायस का गं हा मासा?"

"हो."

का म्हणाले? तिनं पुढं विचारलं, हाताला कसा लागतोय? म्हटलं, गुळगुळीत. संध्याकाळपर्यंत सगळ्या बोळात झालं, आमच्या पोरीनं देवमाशाला हात लावलाय.

इतकी वर्षं नोकरीत संगणकावर त्या पराभोवतीचं पाणी लाखो तुकड्यांत चिरून मोजतेय, आणि समुद्र पाहिलाय दोनदा, तोही अलिबागचा गढूळ. जवळून ओळखीचा मासा म्हणजे उजनीची चिलापी, बाजारातली. "सोलापूरची आणि समुद्रावर काम?" असं ऑफिसात एकदा कुणी म्हणालं, तेव्हा मी पण हसले होते. बाबांना हे दाखवायचं राहिलं. ते जाऊ दे.

पण आजीला थाप? परक्याला मारली असती तर एवढं लागलं नसतं.

पाइपच्या धारेत हात धरला. जरासा तिरका असला की पाणी तळव्यामागं वळून बोटांना चिकटून जातं. आणखी तिरका केला की एकदम सुटतं, थेट पायावर. विमानाच्या पंखाचं असं झालं की स्टॉल म्हणतात. देवमाशाच्या गाठींमधून छोटे भोवरे उठतात, ते पाण्याला पाठीशी धरून ठेवतात. 2004 मध्ये विंड टनेलमध्ये, म्हणजे जोराचा वारा सोडून तपासायच्या बोगद्यात, पराची प्रतिकृती तपासली, तर गाठी असलेला पर जवळपास 40 टक्के जास्त कोनापर्यंत टिकला.

त्या अभ्यासातले एक फ्रँक फिश. आडनावच मासा! त्यांना हे सुचलं ते बोस्टनच्या एका दुकानात, देवमाशाची छोटी मूर्ती बघून. वाटलं, मूर्तिकारानं गाठी चुकून पुढच्या कडेला लावल्या. म्हणजे सुरुवात त्यांचीही दुकानातच झाली. तेवढ्यावर मला हसू आलं, एकटीलाच, पिंपाशेजारी. फक्त त्यांनी आजीला काही सांगितलं नव्हतं.

सकाळी खरं सांगून टाकणार होते. पण रविवारी शेजारच्या काकू नातीला आणणारेत, देवमासा बघितलेली ताई दाखवायला. ती पोरगी डोळ्यांचं विचारणार, नक्की.

पिंप भरलं. डोळ्यांचं वाचून ठेवते.