तुम्ही विचारलंत म्हणून: ही कवटी कोणाची?

रानात भटकणाऱ्यांकडून कवटीचा फोटो येतो आणि सोबत हा प्रश्न. बऱ्याचदा ‘बिबट्याची असेल का?’ असा अंदाजही जोडलेला असतो. बहुतेक वेळा ती कुत्र्याची किंवा शेळीची निघते. तरीही हा प्रश्न मला फार आवडतो, कारण सस्तन प्राण्यांचं वैविध्य त्यांच्या तोंडात जितकं स्पष्ट वाचता येतं तितकं इतर कुठेच नाही.

आधी कवटी सस्तन प्राण्याची आहे ना, हे बघा. खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला एकच हाड असलं पाहिजे. घोरपडीच्या जबड्यात तिथे अनेक हाडं सांधलेली दिसतात. मग पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडं गेली कुठे? कानात! आपल्या मधल्या कानातली हातोडी आणि ऐरण ही तीच हाडं. जर्मनीच्या कार्ल रायखर्टने गर्भांचा अभ्यास करून १८३७ साली हे दाखवलं. दुसरी खूण कवटीच्या मागे असते. मानेचा मणका टेकायला तिथे दोन उंचवटे असतात, पक्ष्यांत आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत एकच.

आता दात. पटाशीचे, सुळे, उपदाढा, दाढा असे वेगवेगळ्या कामांचे दात एकाच तोंडात असणं, हे सस्तन प्राण्यांचं खास लक्षण. (डॉल्फिनसारखे अपवाद आहेत, पण ते रानात सापडणार नाहीत.) याचं मूळ दुधात आहे. मगरीचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात, त्यामुळे वरचा दात खालच्यावर नेमका बसणं शक्यच नसतं. सस्तन पिल्लू आईच्या दुधावर वाढतं, त्याला सुरुवातीला दात नसले तरी भागतं. जबडा बऱ्यापैकी वाढल्यावर कायमचे दात येतात आणि वरची दाढ खालच्या दाढेवर अचूक बसते. नीट चावलेलं अन्न लवकर पचतं, आणि शरीर सतत गरम ठेवायचं तर ते लवकर पचायलाच हवं.

वरच्या जबड्यात पुढे दातच नाहीत? मग प्राणी रवंथ करणारा: शेळी, गाय, गवा, चितळ, सांबर. एकूण दात साधारण ३२, दाढांवर चंद्रकोरीसारख्या कडा. शिंग हाडाच्या खुंटावर बसलेलं पोकळ टोपण असेल तर शेळी-गाईचं कुळ. भरीव, फांद्या फुटलेलं आणि दरवर्षी गळणारं असेल तर चितळ-सांबराचं. रानडुकराचे दात ४४. त्याच्या दाढा गुठळ्यांच्या असतात, सुटी दाढ सापडली की माणसाची वाटते.

बिबट्याचं म्हणाल तर मार्जारकुळात दात ३०, कुत्र्याला ४२. मोजणं जमलं नाही तर वरच्या जबड्यात मांस कापणारी मोठी धारदार दाढ शोधा. तिच्यामागे चावायच्या दोन चांगल्या दाढा असतील तर कुत्र्याचं कुळ. जेमतेम दिसेल असा एकच दात असेल तर मांजराचं.

कृंतकांना, म्हणजे उंदीर, साळिंदर अशा कुरतडणाऱ्या प्राण्यांना, वर दोन, खाली दोन पटाशीचे दात आणि त्यामागे मोकळी जागा. हे दात आयुष्यभर वाढतात. कठीण थर फक्त पुढच्या बाजूला असल्याने मागचा भाग आधी झिजतो आणि छिन्नीसारखी धार कायम राहते. उंदराचे दात १६, साळिंदराचे २०. सशाच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी दोन बारके दात असतात. एवढ्यावरून तो कृंतकांपासून वेगळा काढता येतो. चिचुंद्रीला लोक उंदीर समजतात. तिचं तोंड उघडून पाहिलं तर ३० टोकदार दात, मध्ये मोकळी जागा नाही. ती किडे खाणारी, उंदराच्या गटातली नाहीच. आणि खवल्या मांजराला एकही दात नसतो. ते मुंग्या-वाळवी तशीच गिळतं, दळण पोटात होतं.

चूक बहुधा मोजताना होते. पटाशीचे दात एकाच मुळावर उभे असतात, कवटी वाळली की गळून पडतात. म्हणून तिथे दात मोजू नका, खोबणी मोजा. पिल्लाच्या जबड्यात दाढा अजून आलेल्या नसतात, तिथे आकडा कमीच येणार. हाडावर समांतर चऱ्या दिसल्या तर साळिंदराने कुरतडलं आहे, त्याला त्यातून कॅल्शियम मिळतं.

कवटी घरी आणू नका. वन्यप्राण्यांची हाडं, शिंगं, सुळे बाळगणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे, मग ती आपोआप मेलेल्या जनावराची का असेनात. फोटो मात्र पाच काढा: वरून, बाजूने, मागून, टाळूच्या बाजूने आणि खालचा जबडा वरून. शेजारी पट्टी किंवा निदान पेन ठेवा. कोल्हा आणि गावठी कुत्रा यांचे दात सारखेच ४२, तिथे मोजमापाशिवाय पुढे जाता येत नाही.