बॅटरी नव्हे, पैसे!

टोकियोतल्या निशी-कासाईला राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात फोनची बॅटरी संपली. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे छोट्या दुकानात, शिरले, फोन पुढे केला आणि जपानीत विचारायचं म्हणून म्हटलं, "चाजी?" काउंटरवरच्या मुलीने हसून कार्ड ठेवायच्या जागेकडे बोट दाखवलं आणि किती येन ते विचारलं. मला वाटलं, बॅटरी भरायला पैसे घेतात की काय!

'चाजी' म्हणजे आपला 'चार्ज'च. पण इथे तो कार्डात पैसे भरण्यासाठी. फोनच्या बॅटरीसाठी 'ज्यूदेन' हा वेगळा शब्द आहे. गंमत अशी की काही बारमध्ये 'टेबल चाजी' लावतात, तिथे मात्र ते नुसत्या बसण्याचे पैसे!

रेल्वेच्या प्रवासासाठी आधी पैसे भरून ठेवायचं सुइका कार्ड २००१ मध्ये आलं. आत सोनीची फेलिका चिप. स्टेशनच्या गेटवर कार्ड नुसतं टेकवायचं आणि पुढे जायचं. त्यात जास्तीत जास्त २०,००० येन राहतात. शिल्लक कमी पडली की गेट धाडकन बंद आणि मागे ऑफिसला निघालेली अख्खी रांग खोळंबलेली. तेव्हा होणारी लाज 'सुमिमासेन' (माफ करा) म्हणून जात नाही.

परवा आईशी फोनवर बोलताना म्हणाले, "थांब, चाजी करून येते." ती म्हणाली, "म्हणजे रिचार्ज मारायचाय ना? मग सरळ तसं म्हण की!"

खरंच की. जपान्यांनी आपला 'रि' तेवढा गाळलाय.