गैरहजर दाखवलेल्या बाई

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात शिक्षण विभागाचे काम करणाऱ्याला तीन वर्षे सांभाळावी लागतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, कार्यालयाचे एप्रिलमध्ये, आणि मेंढपाळांचे दिवाळीनंतर, म्हणजे मेंढरे घेऊन घरे पश्चिमेकडे निघतात तेव्हा. नवभारत साक्षरता कार्यक्रमाची आकडेवारी माझ्याकडे आली, तोपर्यंत या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध असतो, असे मला वाटले नव्हते.

हा कार्यक्रम २०२२-२३ ते २०२६-२७ अशा पाच आर्थिक वर्षांचा आहे. पंधरा वर्षांवरील असाक्षर शोधायचे, त्यांची ॲपवर नोंद करायची, प्रत्येकाला स्वयंसेवक जोडून द्यायचा आणि मार्चमध्ये चाचणी घ्यायची. चाचणी १५० गुणांची असते. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०. जो उत्तीर्ण होत नाही, त्याच्या गुणपत्रकावर ‘अनुत्तीर्ण’ न लिहिता ‘सुधारणा आवश्यक’ असे लिहितात, आणि सरकारी भाषेत मला आवडलेल्या थोड्या शब्दांपैकी हे आहेत. अडचण तारखांची आहे. आमच्याकडे चाचण्या १७ मार्च २०२४ आणि २३ मार्च २०२५ या दिवशी झाल्या. निकाल लागेपर्यंत ३१ मार्च उलटून गेलेला असतो, त्यामुळे माणूस शिकतो एका वर्षात आणि उत्तीर्ण होतो पुढच्या वर्षात. गैरहजर राहिलेले आणि ‘सुधारणा आवश्यक’ असलेले पुढच्या वर्षाच्या यादीत येतात, तेथे नव्यांत मिसळतात, आणि मग ‘या वर्षी सहभागी किती?’ या प्रश्नाला नोंदलेले, जोडलेले, चाचणीला बसलेले आणि उत्तीर्ण झालेले अशी चार उत्तरे तयार होतात. वरिष्ठांना त्यांतले मोठे उत्तर हवे असते.

याच जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. तेव्हा हिशेब गावाचा होता. गाव साक्षर झाले की समारंभ व्हायचा. आमचा हिशेब रकान्याचा आहे.

तर मी २०२५ च्या मे महिन्यात बसून दोन्ही वर्षांच्या याद्या एकत्र केल्या आणि दुबार नावे शोधू लागलो. हे काम बाहेरच्या माणसाला सोपे वाटते. जन्मतारखेवरून जुळवावे, तर निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून किंवा १ जानेवारी, कारण शिक्षकाने वय विचारून अंदाजाने ती लिहिलेली. नावावरून जुळवावे, तर एकाच बाईचे आधारवर एक नाव, माहेरचे दुसरे आणि हाक मारायचे तिसरे. शिवाय एका शाळेने मराठीत भरलेले नाव दुसरीने इंग्रजी अक्षरांत भरलेले. शेवटी मी मोबाईल क्रमांक, आडनाव आणि नावाचे पहिले अक्षर अशी त्रिसूत्री ठरवली. तिने ५७ दुबार नोंदी सापडल्या. मी त्या एकत्र केल्या, अहवाल पाठवला, आणि खरे सांगायचे तर दोन दिवस स्वतःवर खूष होतो. कार्यालयात मात्र संख्या घटल्याबद्दल नाराजी झाली. दुबार असली तरी ती ‘आपली’ संख्या होती, असे मला समजावण्यात आले.

जुलैमध्ये, पाऊस सुरू होऊन मेंढपाळ परतल्यावर, मी शिल्लक यादीतील गैरहजरांना भेटण्यासाठी एका वस्तीवर गेलो. यादीतील पहिले नाव पन्नाशीच्या एका बाईंचे होते. २०२४ च्या चाचणीला गैरहजर, २०२५ मध्ये नोंदच नाही, म्हणजे आमच्या भाषेत गळती. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र काढून माझ्यापुढे ठेवले. दुसऱ्या वर्षी वाडीवरच्या शाळेने त्यांना सुनेच्या मोबाईलवर, पाच वर्षांनी लहान करून आणि आधारवरच्या नावाने नोंदवले होते. त्यामुळे माझ्या त्रिसूत्रीला ही जोडी सापडलीच नव्हती. मी त्यांना कागदावरच्या दोन्ही ओळी दाखवल्या. त्यांनी बोट ठेवून, अक्षर लावत, दोन्ही नावे वाचली आणि विचारले, “मग यातली म्या कंची?”

बोलताना कळले की त्या शिकल्या पहिल्याच वर्षी. सून दहावीपर्यंत शिकलेली. कोकणाच्या वाटेवर, मुक्कामाच्या ठिकाणी, रात्री तिने सासूला अक्षरे गिरवायला लावली. चाचणीच्या रविवारी कळप घाटाखाली होता. दुसऱ्या वर्षी त्या केवळ परीक्षेसाठी एसटीने आल्या. म्हणजे ज्या वर्षी शिक्षण झाले, त्या वर्षी आमच्याकडे शून्य, आणि ज्या वर्षी काहीच शिकायचे उरले नव्हते, त्या वर्षी एक लाभार्थी.

एवढ्यावर मी परतलो असतो, तर ही गंमत म्हणून सांगता आली असती. पण शेजारच्या अंगणातून एक म्हातारी आली आणि म्हणाली, “गुरुजी, यंदा आमाला कोन शिकवाय आलं न्हाई.” नाव विचारले, तर पारूबाई. माझ्या यादीत पार्वताबाई होत्या: २०२४ मध्ये ‘सुधारणा आवश्यक’, २०२५ मध्ये उत्तीर्ण. पारू आणि पार्वता एकच, मोबाईल क्रमांक एक, आडनाव एक, म्हणून मी जोडलेली नोंद, आणि अहवालात प्रगतीचे उदाहरण म्हणून खास नमूद केलेली. त्या दोघी जावा निघाल्या. क्रमांक पुतण्याचा होता, कारण घरात फोनच एक. थोरली पहिल्या वर्षी अडकली होती, धाकटी दुसऱ्या वर्षी उत्तीर्ण झाली, आणि मी धाकटीचे प्रमाणपत्र थोरलीच्या नावे लावून थोरलीला यादीतून मोकळे केले होते. तिच्याकडे कोणी फिरकले नाही, हा स्वयंसेवकाचा दोष नव्हता.

उरलेल्या ५६ जोड्यांपैकी अशा किती आहेत, हे घरोघर गेल्याशिवाय कळणार नाही. आतापर्यंत १९ पाहून झाल्या, त्यांत आणखी दोन चुका निघाल्या. पारूबाईंचे नाव पुन्हा घेण्यासाठी मी दुरुस्तीपत्र दिले, तेव्हा लिपिकाने प्रामाणिकपणे विचारले, “साहेब, अहवाल गेल्यावर संख्या एकाने वाढली. वाढीचे कारण काय लिहू?” मी सांगितले, दोन जावा आहेत असे लिहा. त्यांनी तो रकाना अद्याप कोरा ठेवला आहे.