यंदाची देणगी कुणाला?

आज वर्षभराच्या देणग्यांच्या पावत्या काढून बसलो आणि यादीला कात्री लावली. देणगीवरची ८० जी कलमाची प्राप्तिकर सवलत हा निकष आधीच बाजूला ठेवला, कारण नव्या करप्रणालीत ती मिळतच नाही. मोठा वाटा गडचिरोलीच्या ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेला दिला, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे गावातल्याच बायकांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, न्यूमोनिया ओळखणे शिकवले, त्यामुळे नवजात मृत्यू घटल्याचे १९९९ मध्ये आकड्यांनिशी मांडले आणि पुढे सरकारच्या ‘आशा’ आरोग्यसेविकांच्या कामात ती पद्धत आली. चकचकीत अहवाल पाठवून सारखे फोन करणाऱ्या एका संस्थेला मात्र नकार कळवला. उरलेली रक्कम आदिवासींसाठी दवाखाना आणि शाळा चालवणाऱ्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाला पाठवली, तीही कोणतीही अट न घालता, कारण पगार आणि डिझेललाही पैसे लागतातच (पंख्यावर देणगीदाराचे नाव रंगवता येते, डिझेलवर नाही).