तुम्ही विचारलंत म्हणून : बोर्ड चालू झाला, पण सेन्सर दिसत नाही

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी जी मुले येतात, त्यांतली निम्मी एकच प्रश्न घेऊन येतात. रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड, म्हणजे तळहाताएवढा संगणक, मध्येच बंद पडला, पुन्हा लावल्यावर सुरळीत सुरू झाला, पण त्याला जोडलेला सेन्सर किंवा मोडेम काही केल्या दिसत नाही. तर काका, ज्यावरून बोर्ड चालतो ते मेमरी कार्ड पुसून सगळे नव्याने भरू का? माझे उत्तर बहुधा "इतक्यात नको" असेच असते आणि ते ऐकून मुलांचा चेहरा पडतो, कारण कार्ड भरणे हे वेळखाऊ असले तरी त्याला डोके चालवावे लागत नाही. मात्र कार्डाबरोबर बिघाडाचा मागही पुसला जातो, आणि मूळ कारण विजेत किंवा तारेत असेल तर चार दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

यंदा वैशाखात शहराबाहेरच्या एका शीतगृहातून असेच बोलावणे आले. बियाण्याचा बटाटा ३ अंशांवर ठेवलेला, खोलीत तापमानाचे चार डीएस१८बी२० सेन्सर आणि आर्द्रतेसाठी एक बीएमई२८०, आणि हे सगळे रास्पबेरी पाय ४ वर. कॉम्प्रेसर सुरू होताना बोर्ड बंद पडला होता. तो पुन्हा सुरू झाल्यावर आर्द्रतेचा सेन्सर बेपत्ता झाला आणि तापमानाचा एक सेन्सर ८५ अंश दाखवू लागला. व्यवस्थापकांचा पुतण्या तोवर सात वेळा रीबूट करून बसला होता.

मी आधी वीज पाहतो. या बोर्डाला ५ व्होल्टचा, ३ अँपिअर देऊ शकणारा अडॅप्टर लागतो, आणि दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की बोर्ड स्वतःच त्याची नोंद ठेवतो. बोर्डावरच्या व्हीसीजेनकमांड या आज्ञेला 'गेट थ्रॉटल्ड' विचारले की ही नोंद मिळते : उत्तरात शून्य आले तर तक्रार नाही, ५०००० आले तर सुरू झाल्यापासून कधीतरी दाब पडला होता आणि त्यापायी वेगही आवळला गेला होता, आणि ५०००५ आले तर हे या क्षणीही चालू आहे. ही नोंद रीबूटबरोबर कोरी होते, म्हणून विचारायचे ते रीबूटच्या आधी. सात रीबूटनंतर तिथे अर्थातच शून्य होते. आम्ही कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होईपर्यंत थांबलो आणि आकडा ५०००५ झाला. अडॅप्टर म्हणून तिथे मोबाइलचा जुना चार्जर लावलेला होता. महाराणी रोडवरून नवा अडॅप्टर आणायला माणूस पाठवला.

आता सेन्सर. 'दिसत नाही' म्हणजे कोणाला दिसत नाही, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यूएसबीवरचे उपकरण दारात येऊन आपले नाव-गाव सांगते, त्यामुळे ते एलएसयूएसबी या आज्ञेने मिळणाऱ्या यादीत नसेल तर डीमेसेजमध्ये, म्हणजे बोर्डाच्या नोंदवहीत, उणे ७१ किंवा उणे ११० असे त्रुटीचे आकडे शोधावेत. बहुतेक वेळा दोष केबलचा किंवा विजेचा निघतो. कधी उपकरण यादीत असते आणि प्रोग्रामलाच ते सापडत नसते, कारण झटक्यानंतर बोर्डाने त्याला दिलेले टीटीवाययूएसबी० हे नाव बदलून टीटीवाययूएसबी१ झालेले असते. प्रोग्राममध्ये 'सीरियल बाय-आयडी' या फोल्डरमधले कायमचे नाव लिहिले की हा त्रास जातो.

आयटूसीची, म्हणजे डेटा आणि घड्याळ अशा दोन तारांवरून सेन्सर जोडण्याच्या पद्धतीची, रीत निराळी आहे. तिथले उपकरण हाक मारल्याशिवाय ओ देत नाही. आयटूसीडिटेक्ट ही आज्ञा एकेका पत्त्यावर हाक मारते आणि ओ मिळाली की तक्त्यात तो पत्ता लिहिते. आमच्या बीएमई२८० चा पत्ता ७६ होता. एरवी क्षणात उमटणारा तक्ता त्या दिवशी मुंगीच्या पावलाने सरकत होता आणि पूर्ण रिकामा निघाला. मल्टिमीटरचे एक टोक तिसऱ्या पिनेवर, म्हणजे डेटाच्या तारेवर, आणि दुसरे सहाव्या पिनेवर, म्हणजे ग्राउंडवर ठेवले. काही बोलणे चालू नसताना तिथे ३.३ व्होल्ट असायला हवेत, काटा ०.२ च्या आसपास होता. बोर्ड बंद पडला तेव्हा सेन्सर एका बाइटच्या अधेमधे होता आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहत त्याने डेटाची तार खाली ओढून धरली होती. रीबूटने प्रोसेसर नव्याने सुरू होतो. सेन्सरची वीज मात्र साधारणपणे तुटत नाही, म्हणून सातही रीबूट वाया गेले. घड्याळाच्या तारेवर नऊ ठोके देऊन अशी तार सोडवता येते, पण अडॅप्टर काढणे त्याहून सोपे आहे. आम्ही अडॅप्टर काढला, एचडीएमआय आणि स्वतंत्र विजेचा यूएसबी हबही सोडवला (तिकडून चोरपावलांनी वीज येते, हे मला फार उशिरा कळले), अर्धा मिनिट थांबलो आणि नवा अडॅप्टर लावला. तक्त्यात ७६ आले.

आयटूसीचा तक्ता निघायलाच नकार देत असेल, म्हणजे आयटूसी-१ हे उपकरणच नसेल, तर बूटच्या विभागातली कॉन्फिग फाइल उघडून पाहावी. कार्डावरचा हा विभाग फॅट पद्धतीचा असतो, त्याला जर्नल, म्हणजे अर्धवट लिखाण सावरणारी नोंद, नसते, आणि तिथे लिखाण चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहू शकते. अपडेट चालू असताना बोर्ड बंद पडला असेल तर यूनेम ही आज्ञा सांगते ती कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) आवृत्ती आणि त्याला जोडून चालणाऱ्या मॉड्यूल्सच्या फोल्डरचे नाव जुळते का, तेही पाहावे; जुळत नसेल तर वाय-फायसकट बरेच काही एकदम नाहीसे होते. कार्ड नव्याने भरण्याची वेळ मी मानतो ती इथे, आणि डीमेसेजमध्ये कार्डावरच वाचण्या-लिहिण्याच्या त्रुटी ओळीने येऊ लागल्या तर. तेव्हाही भरायचे ते दुसरे कार्ड.

राहिला ८५ अंशांचा सेन्सर. बोर्डाला तो दिसत होता, त्याचा २८ ने सुरू होणारा क्रमांकही यादीत होता. डीएस१८बी२० ला वीज मिळाली की मोजमाप पूर्ण होईपर्यंत त्याच्या पोटात ८५ हाच आकडा असतो, त्यामुळे सतत ८५ येत असेल तर मोजता मोजता त्याची वीज तुटते आहे असे समजावे. खरे ८५ असते तर बटाट्यांची भाजीच झाली असती. तारेवरून हात फिरवत गेलो तेव्हा दाराजवळच्या जोडावर, जिथे बाहेरची गरम हवा लागून दव धरते, लाल तारेवर हिरवट गंज दिसला. या जोडाचा आणि बोर्ड बंद पडण्याचा काही संबंध नव्हता. व्यवस्थापकांनी जुन्या नोंदी काढल्या, तेव्हा ८५ चा पहिला आकडा दोन आठवडे आधीचा निघाला. तार दोन इंच छाटली, नवा जोड सोल्डर केला, वर आकसणारी नळी चढवली. पुढचे वाचन ३.१ आले.